हक्क संपल्यावर खात्यात आलेले पैसे: पहिल्यांदाच नोटीस हातात पडलेल्यांसाठी

२०२४ च्या गणपतीत कोतवाल आमच्या घरी कागद घेऊन आला. आजी जाऊन अकरावा महिना चालू होता. कागदावर आजीचं नाव, श्रावणबाळ योजनेचं नाव आणि खाली आकडा: १२,००० रुपये. लाभार्थी मयत झाल्यानंतर खात्यात जमा झालेली रक्कम सात दिवसांत भरा, न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यात येईल. आई तो कागद हातात धरून पडवीत बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. "आमी चोरी केली काय गो?" एवढंच तिने मला विचारलं.

चोरी केली नव्हती. कळवायचं ते कळवलं नव्हतं, हे मात्र खरं होतं. त्यानंतर आमच्या आणि शेजारच्या वाडीतल्या दहा-बारा घरांचे असेच कागद मी त्यांच्यासोबत बसून वाचले, कचेरीत गेले, पावत्या घेतल्या. जे शिकले ते इथे लिहिते आहे. देवगड-मालवणच्या बाजूचं लिहिते, पण मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत तहसील कचेरीचा रिवाज फारसा वेगळा नाही.

सगळं एका तारखेवर येऊन थांबतं

हा विषय कुठूनही सुरू केला तरी शेवटी प्रश्न एकच विचारला जातो: बदल नेमका कोणत्या तारखेला झाला? माणूस कधी गेला, मुलगा नोकरीला कधी लागला, पुनर्विवाह कधी झाला, दुसऱ्या योजनेचे पैसे कधीपासून सुरू झाले, वयाची पासष्टी कधी भरली. त्या तारखेच्या आधीचे पैसे तुमचे, नंतरचे परत करायचे. आकडा त्यातूनच निघतो.

आपल्याकडे अडचण अशी की तारखा कोणी लिहून ठेवत नाही. "शिमग्याच्या आदल्या आठवड्यात", "आंबो उतरत होतो तेव्हा", "बंदी उठली आणि होड्या गेल्या त्या दिवशी" अशा तारखा घरात असतात. माणसं त्या बरोबर सांगतातही. कचेरीला मात्र कागदावरची तारीख लागते. म्हणून नोटीस हातात पडली की पहिल्या दिवशी पैशांची जुळवाजुळव करत बसू नका. आधी तारखेचा पुरावा शोधा.

मृत्यू असेल तर ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला. जन्ममृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बहुतेक घरांत ती झालेली असते, दाखला तेवढा घेतलेला नसतो. नोकरी असेल तर नेमणुकीचं पत्र किंवा पगाराची पहिली पावती. वयाबद्दल वाद असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार दोन्ही काढा. जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख पुष्कळदा १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली असते. शाळेच्या दाखल्यात वेगळं वर्ष असेल तर तो फरक तुम्हीच आधी दाखवून द्या.

कोणते पैसे, कोणता बदल

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासूनची. ६५ वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा निराधारांसाठी ती आहे. वयाची ६५ वर्षं झालेल्यांना श्रावणबाळ. जुलै २०२३ पासून दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, त्याआधी १,००० होते. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. नोटिशीतला हिशेब तपासताना कोणत्या महिन्याला कोणता दर होता हे बघा. २०२२ सालच्या महिन्यांनाही १,५०० लावलेले मी एका कागदावर बघितले आहेत. चूक दाखवल्यावर ती लगेच दुरुस्तही झाली.

उत्पन्नाची अट कुटुंबासाठी वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आंब्याच्या हंगामात दोन महिने पेट्या भरायला गेलेल्या पोराची मजुरीच त्याच्या वर जाते. ही मर्यादा आजच्या महागाईत फारच खाली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बायका बदल कळवायला घाबरतात त्याचं मूळही तिथेच आहे. मुलाने चार पैसे आणले की आपले बंद होणार ही भीती त्यांना असते. पण नियम आहे तोवर तोच लागू होणार. एवढंच ध्यानात ठेवा की उत्पन्न वर्षाचं मोजतात, एका महिन्याचं नव्हे. मुलगा ट्रॉलरवर खलाशी असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात त्याला पगार नसतो. जबाबात "महिना एवढे मिळतात" असं सांगून मोकळं झालात तर समोरचा माणूस बाराने गुणणार. वर्षातले किती महिने मिळतात ते सांगा.

लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून पैसे सुरू झाले. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात कोणी कर भरणारा नको, सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ही नाही. इथेच निराधारच्या बायका अडकल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं, त्यांत २,३०,००० संजय गांधी योजनेच्या होत्या. तोपर्यंत जमा झालेले पैसे परत घेणार नाही असंही त्यांनी तेव्हा सांगितलं. ते त्या टप्प्यापुरतं होतं. ते बोलणं सगळ्यांना आणि कायमचं लागू आहे असं समजून पुढचे हप्ते खर्चू नका. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे वर्षाला १२,००० मिळणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे ५०० मिळतात. तिच्या खात्यात १,५०० येत राहिले असतील तर फरक महिन्याला १,००० चा आहे, पूर्ण १,५०० चा नव्हे.

रेशनचंही हेच. घरातला माणूस गेला, मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली, तर कार्डावरचं नाव कमी करून घ्या. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

चाकरमान्यांचं पीएम किसान

हा आपल्या किनाऱ्याचा खास गुंता आहे, म्हणून थोडं थांबून लिहिते. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत. २०१९ साली योजना आली तेव्हा गावातल्या वडिलांनी सगळ्या पोरांचे कागद एकदम दिले. पोरगा तेव्हा कुठेतरी शिकत होता किंवा कमी पगारावर होता. मग पगार वाढला, तो कर भरू लागला, आणि दर चार महिन्यांनी २,००० रुपये गावच्या बँकेतल्या खात्यात येतच राहिले. पासबुक बापाकडे, कर भरणारा डोंबिवलीला. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नाही. नोटीस आली की बाप पोराला फोन करतो, पोरगा म्हणतो मी कधी घेतले? आणि खरंच त्याने एक रुपया बघितलेला नसतो.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली: निकषात शब्द आहेत ते मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरल्याचे. विवरणपत्र भरलं म्हणजे कर भरला असं होत नाही. घरासाठी कर्ज घ्यायचं म्हणून किंवा कापलेला कर परत मिळवायचा म्हणून पुष्कळ पोरं विवरणपत्र भरतात आणि शेवटी कर शून्य निघतो. असं असेल तर त्या वर्षाच्या विवरणपत्राची प्रत जोडून तसं लेखी कळवा. दुसरी: वर्ष कोणतं? २०२१-२२ ची कमाई असेल तर कर निर्धारण वर्ष २०२२-२३ होतं. पहिल्यांदा कर ज्या वर्षी भरला त्याच्या आधीचे हप्ते नोटिशीत धरले असतील तर ते वगळायला सांगा. पती, पत्नी आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून नवऱ्याने कर भरला असेल तर बायकोच्या नावचे हप्तेही जातात. सज्ञान मुलाचा कर बापाच्या हप्त्याला लागत नाही. मुलाच्या नोटिशीने घाबरून बापाने स्वतःचे हप्तेही परत केल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते मला फार लागलं.

जमीन नावावर कधी आली हेही बघतात. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. वारस तपास होऊन फेरफार पडला असेल तर त्याची प्रत काढून ठेवा.

योजनेच्या संकेतस्थळावर पैसे परत भरायची आणि लाभ स्वतःहून सोडायची सोय आहे. मुंबईचा पोरगा ते मोबाईलवर करू शकतो. पण भरल्याची पावती छापून गावी पाठवायची, आणि बापाने ती नोटीस देणाऱ्या कचेरीत, म्हणजे तहसीलला किंवा तालुका कृषी कार्यालयाला, नेऊन द्यायची. तिकडे भरले आणि इकडे कळलंच नाही असं झालं तर दुसरी नोटीस येते.

खात्यातले पैसे हलवू नका

बदल झाला आहे आणि पैसे अजून येताहेत हे ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून ते खात्यातच राहू द्या. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरू नका. घरात पासबुक आणि कार्ड दोन्ही असतात, नंबर नातवाला ठाऊक असतो, आणि बाराव्याला खर्च असतो. आमच्या आईने तीन वेळा १,५०० काढले. दोनदा उत्तरकार्याच्या सामानासाठी, एकदा वीजबिलाला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "म्हातारेच्या खात्यात पैशे येतत, म्हणजे सरकारनच दिल्यान" असं शेजारीण म्हणाली होती आणि ते तिला पटलं. पण खात्याच्या उताऱ्यात प्रत्येक उचल तारखेसकट असते, आणि मृत्यूनंतरची उचल कोणी केली हा प्रश्न येतोच. काढले असतील तर नाकारू नका. कोणी काढले, किती, कशासाठी, ते साधं सांगा.

बँकेला त्याच आठवड्यात मृत्यू दाखल्याची प्रत देऊन खातं थांबवायला लेखी कळवा. तहसीलला कळवलं म्हणजे बँकेला कळलं असं होत नाही, आणि उलटही नाही.

हिशेब महिन्याचा मागा

आता सर्वांत महत्त्वाचं. निराधार आणि श्रावणबाळचे पैसे दर महिन्याच्या महिन्याला येत नसत, दोन-तीन महिने मागे राहून येत. डिसेंबर २०२४ पासून ते थेट आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले, पण जुन्या नोंदींना तोच घोळ आहे. त्यामुळे पैसे जमा झाल्याची तारीख वेगळी आणि ते पैसे ज्या महिन्याचे ती तारीख वेगळी.

आजी २० ऑक्टोबर २०२३ ला गेली, दसऱ्याच्या चार दिवस आधी. पासबुक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होतं, छपाई इतकी पुसट की उन्हात धरून वाचावी लागली. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे २०२४ पर्यंत आठ नोंदी, प्रत्येकी १,५००. म्हणून १२,०००. मी एका कोऱ्या कागदावर आठ ओळी आखल्या, जमा तारीख लिहिली आणि शेजारचा रकाना रिकामा ठेवला: हप्ता कोणत्या महिन्याचा? तो कागद घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेले. तिथल्या अव्वल कारकून बाईंनी वाटपाच्या याद्या काढून रकाना भरून दिला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तिथून मार्चपर्यंत. पुढचे आले नाहीत, कारण दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्चच्या दरम्यान हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो न गेल्यामुळे एप्रिलपासून नाव बंद झालं.

ऑगस्ट आणि सप्टेंबरला आजी होती. त्या दोन महिन्यांचे ३,००० तिचेच. ऑक्टोबरचा महिना कचेरीने वसुलीत धरला, आम्ही त्यावर वाद घातला नाही. १२,००० चे ९,००० झाले. खात्यात ७,५०० शिल्लक होते. आईच्या पदरचे गेले ते १,५००. ज्या आकड्याने ती आठ रात्री झोपली नाही, तो आकडा मुळात तिच्यावर नव्हताच.

म्हणून सांगते, नोटिशीतला आकडा बरोबरच असेल असं धरून कोणाकडून उसने घेऊन भरायला धावू नका. आधी महिनावार तपशील मागा.

अर्ज कसा लिहायचा

कचेरीत तोंडी बोलून आलात तर ते कुठेही राहत नाही. एक पानी अर्ज, दोन प्रती. एक त्यांच्याकडे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन घरी. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. "ठेवून जा, बघतो" असं कोणी म्हणालं तरी आवक-जावक टेबलाशी जाऊन शिक्का मारूनच या. आईने दिलेला अर्ज असा होता, नावं गाळून देते:

*प्रति, मा. तहसीलदार (संजय गांधी शाखा). विषय: लाभार्थीच्या निधनानंतर जमा झालेल्या रकमेचा महिनावार तपशील मिळणेबाबत.*

*महोदय, माझ्या सासूबाई श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थी होत्या. त्यांचे दि. २० ऑक्टोबर २०२३ रोजी निधन झाले, मृत्यू दाखला सोबत जोडला आहे. निधनाची माहिती आपल्या कार्यालयास वेळेत देण्याचे आमच्याकडून राहून गेले. त्यानंतर खात्यात आठ नोंदींनी १२,००० रुपये जमा झाले. पैकी ४,५०० रुपये मी काढले, उरलेले खात्यात आहेत. प्रत्येक रक्कम कोणत्या महिन्याची आहे याचा तपशील मिळावा. हिशेबानंतर देय ठरणारी रक्कम भरण्यास मी तयार आहे. एकरकमी भरणे शक्य नसल्याने तीन हप्त्यांची सवलत मिळावी, ही विनंती.*

यात रडणं नाही, आरोप नाही. तारीख, आकडा, चूक, मागणी. "राहून गेले" हे वाक्य काढून टाका असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. मी ठेवलं, कारण ते खरं होतं आणि पुढच्या सगळ्या बोलण्यात त्याचा उपयोग झाला. कळवायचं राहणं ही एक गोष्ट आणि खोटं लिहून देणं ही दुसरी. अर्जासोबत आपण स्वयंघोषणापत्रावर सही केलेली असते, माहिती खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र राहीन अशी. ते कलम खोट्या माहितीसाठी आहे. तुमचं प्रकरण राहून जाण्याचं असेल तर ते तसंच राहू द्या. मागची तारीख टाकून "तेव्हाच कळवलं होतं" असा कागद तयार करायला कोणी सांगेल. अजिबात करू नका. त्या एका कागदाने साधी चूक फसवणुकीच्या रांगेत जाऊन बसते.

नोटीस यायच्या आधीच तुम्हाला कळलं असेल तर हाच अर्ज आजच द्या. स्वतःहून आलेल्या माणसाशी टेबलापलीकडचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिलं आहे.

जबाब

काही वेळा तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, घरी येऊन किंवा सजावर, म्हणजे त्यांच्या कचेरीत, बोलावून जबाब घेतात. जबाब ते लिहितात, सही तुमची. वाचून घ्या. वाचता येत नसेल तर सोबत शिकलेलं माणूस न्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. न आठवणारी तारीख अंदाजाने सांगू नका, "दाखल्याप्रमाणे" म्हणा. म्हातारी माणसं साहेब समोर बसले की होय होय म्हणत जातात, म्हणून त्यांना एकट्याने पाठवू नका.

पैसे भरताना

कोणाच्याही हातात रोख देऊ नका. कोतवाल असो, वाडीतला पुढारी असो, सेवा केंद्रवाला असो. कचेरीने सांगितलेल्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातल्या खात्याखाली) चलनाने किंवा सांगितलेल्या नावाच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरा, आणि चलनावर लाभार्थीचं नाव, योजना, कालावधी आला आहे की नाही ते तिथेच तपासा. हप्ते मिळतीलच असं नाही, ते अधिकाऱ्याच्या हातात आहे. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मागताना झेपेल तेवढीच रक्कम लिहा. महिना १,००० लिहून दुसऱ्याच महिन्यात चुकलात तर पहिल्या अर्जाचा मान जातो.

"जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे" या शब्दांनी माणसं हादरतात, सातबाऱ्यावर बोजा चढणार, घर जाणार असं वाटतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत थकबाकी वसुलीचे जे मार्ग आहेत त्यांत जप्तीही आहे, त्यामुळे ती धमकी पोकळ नाही. पण ते शेवटचं टोक आहे. उत्तर न देणाऱ्यावर कचेरी तिथवर पोचते. सात दिवसांची मुदत असेल तर पैसे नसले तरी सातव्या दिवसाच्या आत अर्ज आत गेला पाहिजे.

नोटीसच चुकीची असेल तर

माणूस जिवंत असताना मयत दाखवलेला असतो, नावासारख्या नावाचा गोंधळ असतो, उत्पन्न फुगवून लिहिलेलं असतं. तेव्हा कोणत्या कागदावरून ठरवलं ते विचारा. सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, न आल्यास पहिलं अपील. लाभ वाटपाच्या याद्या, पडताळणीचा अहवाल, तुमच्या नावच्या फाईलची प्रत, एवढं नेमकं मागा.

जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, सिंधुदुर्गात ओरोसला. तालुक्याला दाद लागली नाही तर तिथे जाता येतं, फक्त अर्ज आधी द्यावा लागतो. आणि वकील लागलाच तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, त्यांच्या उत्पन्नाची अट न बघता. तालुक्याच्या न्यायालयात त्यांची समिती असते. फोन १५१००.

सुप्रीम कोर्टाने जादा दिलेले पैसे वसूल करता येत नाहीत असं म्हटलंय, असं कोणीतरी सांगतं. डिसेंबर २०१४ चा तो रफीक मसीह निकाल वर्ग तीन-चारच्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना चुकून जादा दिलेल्या पगाराबद्दल आहे. तुमचे वडील निवृत्त शिपाई असतील आणि पगाराच्या फरकाची वसुली निघाली असेल तर तो जरूर वकिलाला दाखवा. निराधारच्या नोटिशीला तोच कागद जोडून निर्धास्त राहू नका.

एक बंद झालं म्हणजे सगळं बंद झालं असं नाही

लाडकी बहीणमधून पासष्टीमुळे नाव गेलेल्या बाईला, उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर, श्रावणबाळसाठी अर्ज करता येतो. संजय गांधीमधली विधवा पासष्टीला पोचली की तिचंही तसंच. वसुलीच्या धसक्याने नवा अर्जच न करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, आणि त्यांची पाळी खरं तर पहिली असते. जुनं प्रकरण चालू असतानाही नवा अर्ज द्या. त्यात जुन्या वसुलीची माहिती स्वतःहून लिहा.

या काळात मोबाईलवर कोणी "तुमची वसुली माफ करून देतो" म्हणून फोन केला, ओटीपी मागितला किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल) पाठवली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

पूर्ण रक्कम भरून झाल्यावर चलनाची प्रत जोडून आणखी एक अर्ज द्या: वसुली पूर्ण झाल्याचं पत्र मिळावं. हे पत्र आपोआप येत नाही. आम्हाला ते मिळायला तीन खेपा आणि दोन महिने लागले. ते हाती आल्यावर मृत्यू दाखला, नामनिर्देशन आणि ते पत्र घेऊन बँकेत जा आणि मयत माणसाचं खातं बंद करून घ्या, म्हणजे पुन्हा त्यात काही जमा व्हायची वाटच उरणार नाही.